लाइट हेवीवेटची प्रतवारी

१७ जून १९८५, सोमवार

ही डायरी माझ्या धाकट्या भावाची, लिंबाजीची. बियाण्याच्या दुकानदाराने त्याला फुकट दिलेली. त्याने तिच्यात दर रविवारी एक आकडा लिहिला आहे, बाकी काही नाही. ७९. ७९. ७८॥. पुन्हा ७९. मार्चपर्यंत असंच. मग ७६, ७३, ७०. मेच्या शेवटच्या रविवारी ६४. त्यापुढे पानं कोरी आहेत. ९ जूनला तो गेला. कावीळ.

हे वजनाचे आकडे आहेत. कापूस खरेदी केंद्रावरच्या काट्यावर आमचा काटेवाला दत्तराव त्याला दर रविवारी तोलायचा. फौजेत असताना लिंबाजी बॉक्सिंग खेळायचा, लाइट हेवीवेट या गटात. त्या गटाची हद्द एकशे पंचाहत्तर पौंड, म्हणजे एकोणऐंशी किलो आणि थोडं. पेन्शनीत येऊन दोन वर्षं झाली होती, जिंतुरात त्याच्याशी बॉक्सिंग खेळणारं कोणी नव्हतं, तरी त्याने हद्द ओलांडली नाही. दत्तराव म्हणायचा, "आता कोन मोजायलंय तुमाला, खावा की दोन भाकरी!" लिंबाजी म्हणायचा, "मी मोजायलोय ना."

आज तो गेल्याच्या खबरीची बत्तीस कार्डं लिहिली. अशा कार्डावर वर 'श्री' घालायचा नसतो. पहिल्या तीन कार्डांवर सवयीने घातला गेला, ती बाजूला ठेवावी लागली. नंतर हाताला वळण लागलं. वाचणाऱ्याने हे कार्ड वाचून लगेच फाडायचं असतं, घरात ठेवायचं नसतं. म्हणजे दिवसभर मी फाडण्यासाठीच लिहीत होतो.

तेहतिसावं पंडितला लिहायचं होतं. लिंबाजीचा फौजेतला दोस्त. त्याला कार्ड नको, उद्या नीट आंतरदेशीय पत्र लिहीन.

१८ जून

पंडितला लिहिलं नाही.

११ ऑगस्ट, रविवार

सुलाबाईने, लिंबाजीच्या बायकोने, त्याची लोखंडी पेटी उघडायला दिली. ती माझ्याशी समोरासमोर बोलत नाही. धाकट्या भावाची बायको, आमच्यात ती रीत आहे. ती दाराआडून माझ्या बायकोला सांगते आणि मी ऐकतो. "आक्का, सांगा त्यांना, कागदं बगून घ्या म्हनावं. उंदरं लागायलीत."

पेटीत ग्लोव्हजची एक जोडी, कातडं तडकलेलं. पुण्याच्या रद्दीतून घेतलेली इंग्रजी बॉक्सिंगची मासिकं. पंडितची जुनी पत्रं. आणि एक दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर वर 'श्री' आणि खाली मारामारी.

वहीत जगातल्या सर्वांत थोर दहा लाइट हेवीवेट बॉक्सरांची यादी आहे. एक नंबर आर्ची मूर. दोन बॉब फॉस्टर. तीन जीन टनी. सात नंबरवर एझार्ड चार्ल्स, आणि समोर तांबड्या शाईत: 'पंडितशी भांडण, १९७७ पासून.' वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर नियम लिहिला आहे की दोघांनी आपापली यादी करायची, आणि कारण लिहून कळवल्याशिवाय कोणी नंबर हलवायचा नाही.

माझं आयुष्य प्रतवारीत गेलं. मी ग्रेडर आहे. गाडी आली की ढिगात तीन ठिकाणी हात घालायचा, बोंडातला धागा दोन्ही अंगठ्यांत ओढून लांबी बघायची, कचरा बघायचा, आणि सुपर, मधली एफ.ए.क्यू. की खराब कवडी ते सांगायचं. लिंबाजीही माणसांची प्रतवारी करत होता, हे मला माहीत नव्हतं. आम्ही एका घरात दोन वर्षं राहिलो. मी कधी विचारलं नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पंडितचं पत्र आलं. लेहकडून, फौजेच्या टपालाने. वर नेहमीसारखं 'जयभीम'. पत्र लिंबाजीच्या नावाने आहे.

"लिंबाजी मर्दा, मेलास का काय? एप्रिलपासून कागद नाही. रेडिओ ऐकलास का? स्पिंक्सने होम्सला हाणलं! लाइट हेवीवेटचा चॅम्पियन वर चढून हेवीवेटचा पट्टा घेतो, हे आजवर कुणाला जमलं नव्हतं. बिली कॉनने ज्यो लुईसला बारा राउंड झुंजवलं आणि तेराव्यात आडवा झाला. ह्यानं करून दाखवलं. आता तुझ्या यादीचं काय? स्पिंक्स कुठं घालतोस? आणि चार्ल्सला सातव्यावरून उठव, लाज वाटू दे. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर हरलास."

मी हे घरात मोठ्याने वाचलं. 'मेलास का काय' पाशी थांबलो, मग पुढे गेलो.

दाराआडून सुलाबाई म्हणाली, "आक्का, पंडितभाऊजींना कळिवलं न्हाई का आजून?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पत्राची घडी घातली.

५ ऑक्टोबर

का कळवलं नाही ते इथे लिहितो, ही डायरी कोणी वाचणार नाही.

ऑगस्ट अठ्ठ्याहत्तरमध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून आपल्या जिल्ह्यात बौद्धांची घरं जाळली गेली. लिंबाजी आणि पंडित तेव्हा खडकीला होते. लिंबाजीने मला लिहिलं, 'पंडितचं गाव पालमजवळ आहे. आई एकटी आहे. दादा, तू जाऊन बघून ये आणि तार कर.' मी लिहिलं, 'एस.टी. बंद आहे.' एस.टी. चार दिवस बंद होती. पाचव्या दिवशी सुरू झाली. मी गेलो नाही. भीती होती, आणि लोक काय म्हणतील हेही होतं. लिंबाजीने पुढे कधी विषय काढला नाही. पंडितही घरी यायचा थांबला. त्याच्या आधी दोनदा सुट्टीत येऊन गेला होता, मी दोन्ही वेळा केंद्राच्या कामाने बाहेरगावी होतो.

त्याला पत्र लिहायला बसलो की पहिलं वाक्य एस.टी.चंच येतं.

६ ऑक्टोबर, रविवार

आज वही उघडून बसलो. उद्देश एवढाच की स्पिंक्स कुठे बसतो ते बघावं. दुपार गेली. बायको जेवायला हाका मारून थकली. "आवं, मेलेल्यांचं बगू नंतर, भाकर गार व्हायली."

मग पत्र लिहिलं. आमच्या दोघांचं अक्षर एकाच मास्तरांनी छडीने वळवलेलं आहे, सहज वेगळं ओळखू येत नाही. नक्कल ठेवतो:

"जिंतूर, ता. ६. प्रिय पंडित, तुझे पत्र मिळाले. तब्येत बरी नव्हती म्हणून लिहिले नाही. स्पिंक्सने होम्सला हरवले ते हेवीवेटमध्ये. आपली यादी लाइट हेवीवेटची. वरच्या वजनातला विजय खालच्या यादीत धरायचा का? धरायचा तर फॉस्टर वरच्या वजनात हरला तेही धरावे लागेल. आर्ची मूरचे वय एका मासिकात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणचाळीस का दिले आहे? मूर पहिला, यात बदल नाही. तुझा, लिंबाजी."

लहानच ठेवलं, चूक होऊ नये म्हणून. पोस्टात टाकून आलो. खोटं एकच आहे, शेवटचा शब्द. तब्येत खरीच बरी नव्हती, आणि प्रश्न सगळे मला खरंच पडले आहेत.

७ ऑक्टोबर

बायकोने घरात सांगितलं. सुलाबाई दाराआडून पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलली. "आक्का, गेलेल्या मान्साच्या नावानं कागद लिवू नये. त्याचा जीव आडकून बसतो."

तिचं बरोबर आहे. पण पत्र गेलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

उत्तर आलं. हे पत्र मला समजत नाही.

पंडित मला 'मर्दा' म्हणत नाही. सुरुवात 'प्रिय मित्रा' अशी आहे. शिव्या नाहीत. "उत्तराला उशीर झाला. पंधरा दिवस मन लागलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गार पाण्याने आंघोळ केली. इथं बादलीतलं पाणी सकाळी फोडावं लागतं. समदी पोरं हसली, म्हणली हवालदार साहेब येडे झाले." लेहच्या थंडीत असं कोणी करतं का?

पुढे तो मला बॉक्सिंग समजावून सांगतो. जॅब म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा, तो मारण्यासाठी नसतो, समोरच्याला अंतरावर ठेवण्यासाठी असतो. फॉस्टरचा जॅब एवढा लांब होता की लोक त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच थकायचे. वजनाचे गट कुठून कुठपर्यंत, पंच गुण कसे देतात. हे सगळं तो लिंबाजीला का सांगतो आहे? लिंबाजी त्याच्याबरोबर आठ वर्षं खेळला.

मूरच्या वयाचं मात्र छान लिहिलं आहे. मूर स्वतः एक साल सांगायचा, त्याची आई दुसरं. "आपल्याकडं मास्तर समद्यांची जन्मतारीख एक जून घालतात, तसंच." पट्टा मिळाला तेव्हा तो छत्तीसचा असो की एकोणचाळीसचा, त्या वयात बाकीचे खेळ सोडून घरी बसतात.

शेवटी: "तुझे दादा कसे आहेत? जेवतात का वेळेवर? त्यांना सांभाळ."

आधीच्या एकाही पत्रात माझी चौकशी नव्हती.

मी वाचत होतो तेव्हा आंघोळीच्या ओळीवर दाराआड बांगड्या वाजल्या. सुलाबाई उठून गेली. संध्याकाळी बायकोकडे निरोप आला: "सांगा त्यांना, लिवा म्हनावं. थांबू नका." महिन्यापूर्वी हीच बाई नको म्हणत होती. बायकांचं कळत नाही.

२८ नोव्हेंबर

हंगाम सुरू. गाड्यांची रांग नाक्यापर्यंत. हात दिवसभर कापसात, तरी डोक्यात यादी. आप्पाराव नावाच्या एका शेतकऱ्याने आज ऐकवलं, "सायेब, आमच्या कापसाला हात लावला की तुमचं तोंड कडू व्हतं. जरा हसून बगा, एखादी प्रत वर जाईल!" रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. दत्तरावने काटा सोडून माझ्याकडे बघितलं.

मग त्याला मी लाइट हेवीवेट म्हणजे काय ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे हलका का जड, ते एक ठरवा ना." मी म्हटलं, तेच तर. ह्या गटाच्या वरच्याला जग ओळखतं, खालचे चपळ म्हणून नावाजतात. मधल्याला नाव नाही, म्हणून बहुतेक जण वर चढायला बघतात आणि मार खातात. दत्तरावने काट्यावरचं वजन उचलून ठेवलं. म्हणाला, "लिंबाजीराव न्हाई चढले."

वरच्या वजनाच्या प्रश्नाचा निकाल मी लावला. एच-फोर या संकरित वाणाचा कापूस एच-फोरमध्येच तोलायचा, गावरान गावरानमध्ये. वरचं धरायचं नाही, विजय नाही आणि पराभवही नाही. तसं पंडितला लिहिलं. स्पिंक्स सहावा.

१९ डिसेंबर

पंडितचं पत्र. एच-फोर त्याला फार आवडला. "हे तुला आधी कधी सुचलं नव्हतं," असं लिहितो.

मग सगळं पान चार्ल्सवर. "एझार्ड चार्ल्सने आर्ची मूरला तीनदा हरवलं. तीनदा! मॅक्सिमलाही हरवलं, ज्याच्याकडून मूरने नंतर पट्टा घेतला. पण चार्ल्सला लाइट हेवीवेटच्या पट्ट्यासाठी कधी लढूच दिलं नाही. शेवटी तो वरच्या वजनात गेला आणि तिथला पट्टा घेतला. आता सांग, ज्याला बोलावलंच नाही, त्याच्याकडं पट्टा नाही म्हणून त्याला सातवा घालायचा? कापूस हातात घेऊन बघणार का गाडी कुणाची आहे ते बघणार?"

हे वाक्य दिवसभर माझ्याबरोबर होतं. मी गाडी कुणाची ते बघत नाही. निदान कापसाच्या बाबतीत बघत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने लिहिली आहे. अठ्ठेचाळीस साली चार्ल्सशी लढून एक तरुण बॉक्सर वारला. त्यानंतर चार्ल्स लढला, जिंकलाही, पण हात आवरून. समोरचा डगमगला की पूर्वीसारखा तुटून पडायचा नाही. "काही लोक म्हणतात तिथं त्याची प्रत उतरली. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते अजून ठरत नाही. ज्याच्या हातून नकळत माणूस गेला त्याने हात आवरला. जो जाणून घरी बसला त्याने काय आवरावं?

२४ डिसेंबर

पत्र लिहिलं. यादीचं दोन ओळींत. मग, का ते सांगता येत नाही, लिहिलं: 'अठ्ठ्याहत्तर साली तुझ्या आईचं नेमकं काय झालं होतं, ते पुन्हा एकदा लिही.' लिंबाजीला हे नक्की माहीत असणार. तरी टाकलं पत्र.

१३ जानेवारी १९८६, सोमवार

नवीन डायरी आणली नाही. याच डायरीची मागची पानं वापरतो.

पंडितने विचारलं नाही की हे तू का विचारतोस. सरळ लिहिलं आहे:

"आई तीन दिवस तुरीच्या रानात होती. पाऊस होता. घर गेलं, दोन शेरडं गेली. चौथ्या दिवशी ती सडकेवर येऊन बसली. तिला वाटत होतं, लिंबाजीचा भाऊ येईल. लिंबाजीने तिला आधीच्या सुट्टीत सांगितलं होतं, अडलं-नडलं तर माझा दादा जिंतुरात आहे, सायेब आहे. ती दोन दिवस सडकेवर येत राहिली. मग मामा घेऊन गेला. नंतर तू मला सांगितलंस, दादाला एस.टी. मिळाली नाही. मी म्हटलं, नसंल मिळाली."

दोन दिवस सडकेवर, म्हणजे चौथा आणि पाचवा.

१९ जानेवारी, रविवार

लिहिलं. नक्कल:

"प्रिय पंडित, एस.टी. पाचव्या दिवशी सकाळी सुरू झाली होती. दादाला ती मिळाली असती. तो स्टँडवर गेला होता, परभणीची गाडी लागलेली बघितली आणि परत आला. मला त्याने खोटे कळवले. त्याला भीती वाटली. हे तुझ्या आईला सांगायचे की नाही ते तू ठरव. चार्ल्सला मी सातव्यावरून पहिल्या नंबरवर घेतो आहे. कारण तू लिहिले आहेस तेच. मूर दुसरा नाही, पाचवा. तो चांगला, पण चार्ल्सपुढे तीनदा उभा राहून तीनदा हरला. तुझा, लिंबाजी."

स्टँडवर गेलो होतो हे मी आजपर्यंत बायकोलाही सांगितलं नव्हतं.

लिंबाजीच्या वहीतला नंबर मी बदलला. नियमाप्रमाणे कारण लिहून बदलला. पण वही त्याची आहे.

९ फेब्रुवारी

उत्तर नाही. रोज केंद्रावरून येताना पोस्टात डोकावतो. पोस्टमन म्हणतो, "सायेब, लेहचं न्हाई, पन सासुरवाडीचं हाय, चालंल का?"

उत्तर येणार नाही, असं धरून चाललो आहे. तेच योग्य. आता त्याला लिंबाजीचं खरं कळवायला हवं, नाहीतर तो समजेल की लिंबाजीनेच सात वर्षं हे लपवलं. माझं खोटं मी लिंबाजीच्या गळ्यात घातलं, हे मला पत्र टाकल्यावर वीस दिवसांनी कळतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी दहाला दारात एक रुंद माणूस उभा राहिला. खाकी बॅग, मिशा पांढऱ्या होत आलेल्या. एकोणऐंशीच्या बराच पुढे.

"जयभीम, दादा. मी पंडित."

मी 'या' म्हटलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. पुन्हा 'आत या' म्हटलं तेव्हा आला. खुर्चीवर बसला. मी उभाच होतो.

"लिंबाजी..." मी सुरुवात केली.

"ठाव हाय," तो म्हणाला. "आक्टोबरपासून ठाव हाय. बसा तुमी."

मी बसलो.

"तुमचं पैलं पत्र आलं, वर श्री न्हाई. दादा, लिंबाजीनं कँटीनच्या चिठ्ठीवर श्री सोडला न्हाई कदी. मी जयभीम घालायचो, तो श्री घालायचा, त्याच्यावरबी आमची जुंपायची. आन् मी पलटणीतल्या अडाणी पोरांची समदी पत्रं वाचून दावायचो. घरून आलेल्या कागदावर श्री नसला की फुडचं वाचायच्या आदी मी त्या पोराला खाली बसवायचो. ह्या डावाला मला बसवायला कोन नव्हतं."

बत्तीस कार्डांनी हाताला लागलेलं वळण. सहा ऑक्टोबरला मला ते दिसलंही नाही. ही डायरी उघडून सगळ्या नकला बघितल्या, एकीवरही नाही.

"मग ते पत्र?"

"फाडलं. रीतच हाय. पन आदी तुमचे प्रश्न लिवून घेतले."

"मला कळवायचंत तरी, की कळलं म्हणून."

"कळिवलं असतं तर तुमी लिवायचं बंद केलं असतं." तो हसला. "आन् तुमी इचारलं व्हतं ना, वरच्या वजनातला इजय धरायचा का. असलं लिंबाजीनं कदी इचारलं न्हाई, तो नुसता भांडायचा. मला वाटलं, ह्यो मानूस हाय तरी कसा, बगावं."

म्हणजे जॅब मलाच समजावून सांगत होता. जेवता का वेळेवर, हेही मलाच.

दाराआड बांगड्या वाजल्या. मी म्हटलं, "त्या एस.टी.चं—"

"वाचलं." त्याचं हसू गेलं. "आईला वाचून दावलं. चार दिवस झाले घरी येऊन. पैल्या दिवशी काय बोलली न्हाई ती. दुसऱ्या दिवशी म्हनली, सात वर्षांनी का व्हईना, येष्टी निघाली म्हनायची. म्हनली, आता पालमपतुर पोचती का बगू." मग माझ्याकडे बघून: "माफ केलं आसं ती म्हनली न्हाई, दादा. मीबी म्हनत न्हाई. ती म्हनली, येऊ दे."

मी मान हलवली.

"आन् मला एक मागायचंय." त्याने हात पुढे केला. "माजं कार्ड."

"कुठलं?"

"खबरीचं. लिंबाजीच्या मामाला गेलं, साडूला गेलं, बियाच्या दुकानवाल्याला गेलं आसंल. मला न्हाई आलं. पैलं पत्र मी खबर म्हनून फाडलं खरं, पन ते माज्या नावचं कार्ड नव्हतं, ते तुमच्या हातून चुकून झालेलं. मला माजं कार्ड पायजे."

मी कपाट उघडलं. जूनमधली कार्डं उरली होती. त्याच्या समोर बसून लिहिलं. वर काही नाही. 'आमचा धाकटा भाऊ लिंबाजी दिनांक ९ जून १९८५ रोजी कावीळ होऊन वारला. कळावे. राधाकिशन.' तेहतिसावं कार्ड. माझं नाव पंडितला लिहिलेल्या कागदावर पहिल्यांदा आलं.

त्याने ते दोन्ही हातांत धरून वाचलं. ओठ हलत होते. दोनदा वाचलं. मग मधोमध फाडलं, पुन्हा फाडलं, आणि तुकडे मुठीत धरून तो रडला. आवाज करून रडला. मी जूनपासून रडलो नव्हतो.

बरंच नंतर सुलाबाई दारात आली. आड नाही, दारात. पदर डोक्यावर, पण तोंड आमच्याकडे. ती बायकोशी बोलली नाही.

"पंडितभाऊजी, न्हानीत पानी काढलंय. तिथं गार पान्यानं केली म्हनं तुमी. हितं तापवलंय."

पंधरा आठवडे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं.

सुतकाची आंघोळ घरच्यांची असते. पंडित क्षणभर थांबला, मग बूट काढून आत गेला. माझा टॉवेल दिला.

२ मार्च, रविवार

पालमला जाऊन आलो. जिंतूर-परभणी, परभणी-पालम, तिथून चालत. पंडितच्या आईने, धुरपदाबाईंनी, घरात घेतलं नाही, अंगणात बाजेवर बसवलं. पाणी दिलं. मी प्यालो. त्यांनी मला नीट निरखलं. म्हणाल्या, "हा व्हय तू. मला वाटलं, लय मोठ्ठा सायेब आसंल." अजून काही नाही. निघताना म्हणाल्या, "सडकंपतुर येते," आणि सडकेपर्यंत आल्या.

गाडी यायला पाऊण तास लागला. त्या तेवढा वेळ माझ्याशेजारी सडकेवर बसून होत्या.

९ मार्च

पंडितला, लेहच्या पत्त्यावर, पत्र टाकलं. माझ्या नावाने पहिलं. वर श्री घातला. लिंबाजीला जाऊन वर्ष व्हायचं आहे अजून, तोवर घालायचा नसतो, पण यादीच्या कागदावर तो श्री घालायचाच. बदललेली पूर्ण यादी लिहिली. चार्ल्स एक, मूर पाच. वहीत मात्र लिंबाजीचा मूर पुन्हा पहिल्या नंबरवर नेला. माझ्यासाठी वेगळं पान केलं.

५ मे, सोमवार

हंगाम संपला. केंद्राला कुलूप घालायच्या आधी दत्तरावने मला काट्यावर उभं केलं. "बगू तरी सायेब, हलका का जड." एकोणसाठ. तो म्हणाला, "ह्याला कंचा गट म्हनावं?" मी म्हटलं, विचारून सांगतो.

घरी आलो तर पत्र आलेलं. पाकिटावर माझं नाव. मोठ्याने वाचलं. सुलाबाई आता दाराच्या अलीकडे, भिंतीला टेकून बसते.

"जयभीम, दादा. रेडिओ ऐकला का? स्पिंक्स पुन्हा जिंकला, पण तिघांतले दोनच पंच त्याच्या बाजूला. लोक म्हणतात, होम्सच जिंकला होता. ते पुढच्या पत्रात. आधी मूरचं बघू. तीनदा हरला म्हणून तुम्ही त्याला पाचवा घालता? कुणापुढं हरला ते तर बघा! चार्ल्स पहिला म्हणता, आणि त्याच्यापुढं तीनदा उभं राहायची छाती असलेला माणूस पाचवा? लिंबाजी असता तर टेबल उलटं केलं असतं. तो नाही, म्हणून त्याच्या बाजूने मी भांडतो. दादा, तुमचं साफ चुकतंय."

"बराबर हाय त्यांचं," सुलाबाई म्हणाली.

मी वही काढून बसलो आहे. उद्या उत्तर लिहीन. मूर पाचवाच, पण आता कारण पुन्हा शोधायला हवं.